लेझरने चष्मा गेला, आता शेतात परत जाताना: डोळा कसा जपायचा आणि लागलंच तर काय करायचं

भरतीसाठी, लग्नासाठी किंवा चष्म्याचा कंटाळा आला म्हणून लेझरने नंबर काढून घेणारी मुलं-मुली आता मराठवाड्यात गावोगाव भेटतात. ऑपरेशन संभाजीनगर, पुणे नाहीतर हैदराबादला होतं. काही मिनिटांचं काम असतं, दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसायला लागतं आणि माणूस गावी परततो. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर पोहू नका, मेकअप करू नका, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका एवढं लिहिलेलं असतं. सोयाबीनच्या खळ्यावर, उसाच्या फडात, वेल्डिंगच्या दुकानात किंवा कबड्डीच्या मैदानावर परतणाऱ्याने काय करायचं, ते त्यात नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. लेझरचं ऑपरेशन सुरक्षित आहे आणि पुढे लिहिलेले प्रकार फार जणांच्या वाट्याला येत नाहीत. पण ज्याच्या वाट्याला येतात, त्याची नजर वाचणार की नाही हे बऱ्याचदा पहिल्या काही तासांत काय केलं यावर ठरतं. त्या तासांत काय करायचं, हे डोळा चांगला असतानाच ठाऊक पाहिजे.

पायरी १: तुमचं नेमकं कोणतं ऑपरेशन झालंय ते शोधा

"लेझर केलंय" एवढं उत्तर पुरत नाही. बुबुळावर जो पारदर्शक काचेसारखा भाग असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर असते. नंबर काढायचा म्हणजे या कॉर्नियाचा आकार थोडा बदलायचा. तो बदलायला आत कसं शिरायचं, यावरून ऑपरेशनचे प्रकार पडतात आणि पुढच्या आयुष्यातला धोकाही त्यावरच ठरतो.

लेसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पातळ थर गोल कापतात, एका बाजूने जोडलेला ठेवतात, उचलून बाजूला करतात, आतल्या भागावर लेझर मारतात आणि थर परत जागेवर बसवतात. तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीला सुटलेला पापुद्रा एका कडेला धरून उचलावा, तसा हा थर असतो. डॉक्टर त्याला फ्लॅप म्हणतात. तो साधारण १०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड असतो. टाके घालत नाहीत, तो आपोआप चिकटतो. कडेला बऱ्यापैकी घट्ट धरतो, पण मध्यभागी पहिल्यासारखा एकजीव कधीच होत नाही. म्हणून ऑपरेशननंतर दहा-दहा, चौदा-चौदा वर्षांनी जोराचा मार लागून फ्लॅप सरकल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

पीआरकेमध्ये फ्लॅप नसतो. वरची नाजूक त्वचा खरवडून काढतात आणि लेझर थेट पृष्ठभागावर मारतात. पहिले तीन-चार दिवस फार दुखतं आणि दिसायला वेळ लागतो. पण पुढे सरकायला काही उरत नाही. ज्यांना कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग खेळायचंय किंवा फौजेत जायचंय, त्यांना बरेच डॉक्टर हे सुचवतात ते याच कारणाने.

स्माइलमध्ये कॉर्नियाच्या आत लेझरने एक बारीक चकती तयार करतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छोट्या छेदातून ती काढून घेतात. इथेही उचललेला फ्लॅप नसतो. काही ठिकाणी हेच तंत्र 'सिल्क' किंवा 'क्लिअर' या नावांनी मिळतं. आयसीएलमध्ये कॉर्नियाला लेझर लावत नाहीत, डोळ्याच्या आत लेन्स बसवतात. तिथे फ्लॅपची चिंता नसते, पण जोराचा ठोसा बसला तर लेन्स सरकू शकते.

जाहिरातीतल्या नावांनी इथे हमखास गोंधळ होतो. 'ब्लेडलेस' किंवा 'फेम्टो लेसिक' म्हणजे फ्लॅप पात्याऐवजी लेझरने कापलाय, पण फ्लॅप आहेच. 'काँटुरा' असं लिहिलं असेल तरी बहुतेक वेळा ते फ्लॅपचंच लेसिक असतं. 'ट्रान्स-पीआरके' असेल तर फ्लॅप नाही. खात्री नसेल तर दवाखान्यात फोन लावून एकच प्रश्न विचारा: "माझ्या डोळ्याला फ्लॅप केलाय का?"

पायरी २: कागद मिळवा आणि मोबाइलमध्ये ठेवा

डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी आणि वक्रतेचे रिपोर्ट, ऑपरेशनची तारीख, प्रकार आणि डॉक्टरांचा फोन, या सगळ्याचे फोटो काढून घ्या. ते घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्येही असू द्या. डोळ्याला लागल्यावर तुम्हाला स्वतःला स्क्रीन दिसणार नाही.

हे काम पुढे ढकलू नका. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं सांभाळायची असतात आणि रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असतात. तीन वर्षांनंतर ती मिळतीलच असं नाही. या कागदांचा उपयोग मार लागण्यापुरता नाही. साठीत मोतीबिंदू झाल्यावर आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना जुने आकडे नसतील तर गणित चुकण्याची शक्यता वाढते. काचबिंदूच्या तपासणीतही हीच अडचण येते: लेझरनंतर कॉर्निया पातळ झालेला असतो, त्यामुळे डोळ्याचं प्रेशर मशीनवर असतं त्यापेक्षा कमी दिसतं. प्रेशर मोजणाऱ्याला हे आधी सांगावं लागतं.

पायरी ३: पहिले दिवस

फ्लॅप सरकण्याचे सगळ्यात जास्त प्रकार पहिल्या एक-दोन दिवसांत होतात, आणि त्यातले बरेच नुसते चोळल्याने. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, हात आपोआप वर जातो. जागेपणी माणूस सावध असतो, झोपेत नसतो. म्हणून झोपताना दिलेलं प्लॅस्टिकचं कवच चिकटपट्टीने लावूनच झोपा. दवाखान्याने जितक्या रात्री सांगितलंय तितक्या रात्री लावा, एकही कमी नाही.

ऑपरेशनच्याच दिवशी एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने सात-आठ तासांचा प्रवास करून गाव गाठायची घाई करू नका. दुसऱ्या दिवशीची तपासणी त्याच शहरात होऊ द्या. सरकलेला किंवा सुरकुतलेला फ्लॅप त्या तपासणीत सापडला तर लगेच नीट करता येतो. परतताना खिडकीशेजारी बसू नका, मोठा गॉगल लावा. ऐन उन्हाळ्यात वावटळी सुटतात, तेव्हा शक्य असेल तर ऑपरेशनच पावसाळ्यानंतर ठेवा. मोटारसायकल काही दिवस बंदच. पुढे सुरू कराल तेव्हा काच खाली ओढलेलं हेल्मेट पाहिजे, अर्धं टोपीसारखं नको.

डोक्यावरून अंघोळ, विहिरीत पोहणं, गोदावरीत डुबकी, टँकरच्या पाण्याने तोंडावर हबके मारणं, हे डॉक्टर परवानगी देईपर्यंत नाही. साठलेल्या पाण्यातले जंतू ताज्या जखमेत गेले तर होणारा संसर्ग फार हट्टी असतो. काजळ आणि सुरमाही नको.

पीआरकेवाल्यांसाठी वेगळं. तुमच्या डोळ्यावर पट्टीसारखी एक लेन्स ठेवलेली असते. ती निघून पडली तर धुऊन परत घालू नका, डॉक्टरांना फोन करा. आणि पुढचे काही महिने उन्हात अतिनील किरण अडवणारा गॉगल हवा. आपल्याकडचं ऊन कडक आहे, आणि बऱ्या होत असलेल्या कॉर्नियावर उन्हामुळे धूसर डाग येऊ शकतो.

पायरी ४: चष्म्याने केलेलं काम आता कोण करणार?

ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. दहा वर्षं नाकावर बसलेला चष्मा नुसतं दिसायला मदत करत नव्हता. समोरून येणारं ज्वारीचं पातं, हडंब्यातून (मळणी यंत्रातून) उडालेला दाणा, दुचाकीवर येणारं चिलट, हे सगळं तो काचेवर झेलत होता. डोळ्यासमोर काहीतरी आहे या सवयीने तुम्ही वाकत होता, वळत होता. लेझरनंतर ती काच गेली आणि सवय तीच राहिली. त्यात लेसिक असेल तर आतला थरही पहिल्याइतका मजबूत नाही.

म्हणून कामापुरता साधा, बिननंबरी संरक्षक चष्मा घ्या. काचेचा नको, पॉलिकार्बोनेटचा घ्या. तो सहसा फुटून त्याचे तुकडे होत नाहीत. बाजू झाकलेला हवा, कारण शेतातला मार समोरूनच नाही, कडेनेही येतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, महाग नसतो. घाम आला की तो धुरकटतो ही तक्रार खरी आहे. वर हवेसाठी भोकं असलेला घ्या आणि मधून मधून थांबून पुसा. कपाळावर चढवून काम चालू ठेवू नका.

वर्षभरात धोका कुठे कुठे असतो ते बघू. आषाढ-श्रावणात कपाशीवर फवारणी. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारलं की औषध सरळ डोळ्यात. पोळ्याच्या आधी-नंतर बैलं धुताना, सजवताना शिंग आणि शेपटी दोन्ही लागतात. शेपटीचा फटका साधा वाटतो, पण त्यातला केस आणि चिखल बुबुळावर ओरखडा काढतो. दसरा-दिवाळीत सोयाबीनचं खळं. हडंब्याजवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यावर, पोती धरणाऱ्याच्यासुद्धा, चष्मा पाहिजे. कापूस वेचताना वाळकी बोंडं आणि टोकदार फांद्या ऐन डोळ्याच्या उंचीला येतात. नंतर पऱ्हाट्या उपटताना काडी ताठ होऊन उलटी फटकते.

ऊसतोडीचा हंगाम या सगळ्यात वाईट. उसाचं पातं करवतीसारखं असतं आणि फडात दिवसभर तोंडावर घासत राहतं. बीडकडून कारखान्यावर जाणाऱ्या टोळीत कुणी लेसिक केलेलं असेल, तर त्याने पहिल्या दिवसापासून बंद बाजूंचा चष्मा घालावा आणि सोबतच्यांना कारण सांगून ठेवावं. हरभऱ्याच्या दिवसांत पानांवरची पहाटेची आंब (आंबट दव) डोळ्यात गेली की आग होते आणि हात चोळायला जातो. तेव्हा स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका. गव्हाचं कुसळ बारीक आणि उलट्या काट्यांचं असतं, पापणीखाली रुतून बसतं. कडबाकुट्टी, ग्राइंडर, छन्नीवर घण घालणं या कामांत धातूचा किंवा खड्याचा कण वेगाने उडतो. तो डोळ्याच्या आत शिरला तरी कधीकधी फार दुखत नाही. म्हणून "टिचलं नुसतं" म्हणून सोडू नका, तपासून घ्या.

घरातला धोका कमी नाही. तान्ह्या बाळाचं नख हे बुबुळावर ओरखडा येण्याचं नेहमीचं कारण आहे. नखं कापलेली ठेवा आणि बाळाला जवळ घेताना त्याचा हात धरा. विटी-दांडू आणि टेनिस बॉलचं क्रिकेट खेळताना मी तरी लेसिकवाल्याला चष्म्याशिवाय उतरू देणार नाही. कबड्डीत बोट डोळ्यात जाणं रोजचं आहे. तिथे परत कधी उतरायचं, हे तुमच्याच डॉक्टरला तोंडावर विचारा.

पायरी ५: लागल्यावर पहिली पाच मिनिटं

आधी ठरवा, काय लागलंय. कारण तीन प्रकारांत तीन वेगवेगळी कामं करायची असतात.

फवारणीचं औषध, तंबाखूचा चुना, बॅटरीचं अ‍ॅसिड, फिनेल असं काही गेलं असेल, तर फ्लॅपचा विचार न करता ताबडतोब धुवा. जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते घ्या. आडवं पडा, डोकं बाधलेल्या डोळ्याच्या बाजूला वळवा, पापण्या बोटांनी उघडून धरा आणि तांब्याने सावकाश धार सोडत राहा. कमीत कमी पंधरा ते वीस मिनिटं. धार जोराची नको, दाब नको, पण थांबायचंही नाही. चुन्याचे कण पापणीच्या आत अडकून राहतात आणि डोळा जाळत राहतात, म्हणून चुना असेल तर जास्त वेळ धुवा आणि दिसतील ते कण ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद बाहेर काढा. मग दवाखाना गाठा. औषधाचा डबा सोबत न्या.

डोळ्यात काही घुसलेलं असेल, रक्त दिसत असेल, बाहुलीचा आकार वेडावाकडा झाला असेल किंवा डोळ्यातून चिकट द्राव येत असेल, तर धुऊ नका आणि घुसलेली वस्तू ओढू नका. कागदी चहाच्या कपाचा तळ कापून, तो डोळ्याला न टेकता भोवतीच्या हाडावर बसेल असा चिकटवा. काही खाऊ-पिऊ घालू नका, कारण भूल द्यावी लागू शकते. १०८ ला फोन लावा.

आणि तिसरा, सगळ्यात जास्त घडणारा प्रकार: पातं, काडी, बोट, नख, चेंडू, शेपटी लागली. डोळा उघडवत नाही, पाण्याची धार लागलीय, उजेड सहन होत नाही, खुपतंय, धूसर किंवा दोन-दोन दिसतंय. इथे एकच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: हात डोळ्याकडे जाऊ देऊ नका. चोळलं की सरकलेला फ्लॅप दुमडतो, दुमडलेला फाटतो. डोळा हलका मिटून घ्या. ऑपरेशनच्या वेळचं प्लॅस्टिकचं कवच जपून ठेवलं असेल तर तेच लावा, नाहीतर कपाचा तळ. कापसाचा बोळा ठेवून घट्ट पट्टी बांधू नका, तिचा दाब थेट फ्लॅपवर येतो.

आपल्याकडे डोळ्यात काही गेलं की घरची माणसं मायेने धावतात. आजी पदराचा बोळा करून फुंकर मारून शेकते, कुणी जिभेने कुसळ काढून देतं, कुणी ओल्या बाळंतिणीच्या दुधाची धार सोडायला सांगतं, कुणी मध, एरंडेल, गुलाबपाणी. लेसिकच्या डोळ्याला यातलं काहीही चालणार नाही. तोंडातले जंतू आणि मधातले कण फ्लॅपच्या खाली गेले तर तिथे थेंबाचं औषधही लवकर पोचत नाही. घरच्यांना हे आज, शांतपणे सांगून ठेवा. लागलेल्या वेळी "आजी, नको" म्हणायला जीव धजत नाही.

एक डोळा झाकून दुसऱ्याने दूरची पाटी वाचून बघा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा निभावून नेतो आणि बिघाड कळत नाही. आणि हे नक्की लक्षात ठेवा: काही तासांनी दुखणं ओसरू शकतं, पण दुखणं थांबलं म्हणजे फ्लॅप जागेवर गेला असं नाही. धूसरपणा राहिला असेल तर थर अजून सुरकुतलेलाच असू शकतो. जितका उशीर, तितक्या सुरकुत्या पक्क्या होतात आणि वरची त्वचा फ्लॅपच्या कडेने आत वाढायला लागते. त्याच दिवशी पोचायचंय. "उद्या बाजाराला जाताना दाखवू" असं नाही.

पायरी ६: कुठे जायचं आणि काय सांगायचं

पहिला फोन ऑपरेशन केलेल्या दवाखान्याला. ते लांब असेल तर त्यांनाच विचारा की आज कुणाकडे दाखवू. जवळ असा डोळ्यांचा डॉक्टर हवा ज्याच्याकडे स्लिट लॅम्प आहे. हनुवटी टेकवून, कपाळ लावून बघायचं ते यंत्र. बॅटरीच्या उजेडात सरकलेला फ्लॅप सहसा दिसत नाही, त्यामुळे गावातल्या डॉक्टरांनी "लाल झालंय, बाकी काही नाही" म्हटलं तरी तिथे थांबू नका. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्याकडे ते यंत्र नसतं.

सरकारी ठिकाणी संभाजीनगरची घाटी (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख संस्था, नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय, इथे नेत्रविभाग आहेत. जालन्याचं गणपती नेत्रालय आणि उदगीरचं लायन्स नेत्र रुग्णालय ही डोळ्यांचीच रुग्णालयं आहेत. निघण्याआधी फोन करून कॉर्नियाचे डॉक्टर आज आहेत का ते विचारा. नसतील तर तपासणी आणि कवच तिथे करून पुढे पाठवतील, पण काय झालंय ते तरी कळेल.

पोचल्यावर केसपेपर काढतानाच बोला, नंबर येईपर्यंत थांबू नका: "डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी माझं लेसिक झालंय, फ्लॅपवालं. आज सकाळी दहाला उजव्या डोळ्याला उसाचं पातं लागलं. तेव्हापासून धूसर दिसतंय. फ्लॅप जागेवर आहे का बघता का?" कशाने लागलं, किती वाजता, त्यानंतर डोळ्यात काय घातलं, हे तीन तपशील द्या. बरा झालेला लेसिकचा डोळा वरून अगदी साधा दिसतो. तुम्ही सांगितलं नाही, तर समोरच्याला कळायला मार्ग नाही.

पायरी ७: मेडिकलमधला थेंब

हा भाग लांबणार आहे, कारण इथल्या चुकीने डोळा जाऊ शकतो.

शेतात पातं, काडी, भुसकट लागून झालेल्या जखमेत बुरशीचा संसर्ग होण्याचा धोका असतो. वनस्पतीवरची बुरशी जखमेतून कॉर्नियात उतरते. सुरुवातीला थोडी लाली, थोडं पाणी, आणि काही दिवसांनी बुबुळावर पांढुरका डाग. अशा वेळी मेडिकलवर जाऊन "डोळ्याचे थेंब द्या" म्हटलं की अनेकदा अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली बाटली हातात येते. एक-दोन दिवस लाली उतरते, बरं वाटतं. पण स्टेरॉइड शरीराची प्रतिकाराची ताकद दाबतं आणि आत बुरशी मोकळी वाढते. डॉक्टरकडे पोचेपर्यंत कॉर्निया पोखरलेला असतो. फ्लॅपच्या खाली असा संसर्ग गेला तर तो फ्लॅप कापून काढण्याची वेळ येऊ शकते.

बाटलीवरचं नाव वाचायची सवय लावा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यातलं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. ऑपरेशननंतर तुम्हाला डॉक्टरांनी हेच दिलं असेल आणि ते बरोबरच होतं, कारण तेव्हा जखम स्वच्छ होती आणि डॉक्टर तपासत होते. त्यातली उरलेली बाटली आज लागलेल्या डोळ्यात घालणं ही वेगळी गोष्ट आहे. उघडलेली बाटली महिन्याभराने टाकून द्या, घरात ठेवूच नका. सरकलेला फ्लॅप बसवल्यावर डॉक्टर पुन्हा स्टेरॉइड लिहून देतील तर ते घ्या, पण सांगितलेल्या दिवसांपेक्षा एकही दिवस जास्त नाही. ते लांबलं की डोळ्याचं प्रेशर वाढतं, आणि लेझरच्या डोळ्यात ते वाढलेलं प्रेशर मशीनला कमी दिसतं हे वर आलंच आहे.

वेल्डिंगवाल्यांकडे बधिर करणारे थेंब असतात. वेल्डिंगचा झोत डोळ्यावर आला की सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यात तिखट टाकल्यासारखी आग होते आणि हे थेंब घातले की लगेच आराम पडतो. पण ते वारंवार घातले तर कॉर्निया भरून यायचाच थांबतो, आणि बधिर डोळ्याला आपण चोळतोय हेही कळत नाही. डॉक्टर तपासणीपुरते घालतात तेवढे ठीक. घरी नाही.

पायरी ८: दवाखान्यात काय होतं

डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात बघतात, त्यात ओरखडा आणि फ्लॅपची कड दिसते. फ्लॅप सरकला असेल तर थेंबांनी बधिर करून तो उचलतात, खाली गेलेली त्वचा आणि कचरा काढतात, धुतात, सुरकुत्या सरळ करून परत बसवतात. वर काही दिवसांसाठी पट्टीची लेन्स ठेवतात. बहुतेक वेळा झोपवायचीही गरज पडत नाही. वेळेत झालं तर बऱ्याच जणांची नजर पूर्ववत किंवा जवळपास पूर्ववत होते.

त्यानंतरच्या तपासण्या चुकवू नका. दुसऱ्याच दिवशीची चुकली तर फ्लॅप पुन्हा हललेला कळत नाही, आणि पहिल्या आठवड्यात फ्लॅपखाली सूज येऊ शकते. कडेने आत वाढणारी त्वचा मात्र काही आठवड्यांनी दिसते, तेव्हा माणूस "आता बरं आहे" म्हणून गेलेलाच नसतो. एकदा सरकलेला फ्लॅप पुन्हा नव्याने चिकटतोय, म्हणजे पायरी ३ मधलं सगळं पहिल्यापासून सुरू.

पायरी ९: पुढची वर्षं

खाज हा शांतपणे नुकसान करणारा त्रास आहे. धूळ, ऊन, कापसाचा तूस यांनी ज्यांचे डोळे कायम खाजतात, त्यांनी अ‍ॅलर्जीवर डॉक्टरकडून नीट उपचार घ्यावेत आणि खाज सुटली की गार पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल मिटलेल्या डोळ्यावर ठेवावा. सतत चोळल्याने पातळ झालेला कॉर्निया पुढे फुगू शकतो. लेझर करून गेलेला नंबर पुन्हा वाढतोय, तिरपा नंबर येतोय, दिव्याभोवती पसरट उजेड दिसतोय असं वाटलं तर नुसता चष्मा बदलून घेऊ नका. कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी तपासणी करून घ्या. वेळेत सापडलं तर कोलॅजन क्रॉसलिंकिंग करून ते थोपवता येतं.

पोलीस, सैन्यदल, रेल्वे अशा भरतीसाठी कुणी ऑपरेशन करायचं ठरवत असेल, तर त्या पदाची जाहिरात आणि वैद्यकीय निकष आधी वाचा. कोणतं ऑपरेशन चालतं आणि त्यानंतर किती काळ जायला हवा, हे पदागणिक वेगळं असतं. मैदानी नोकरी आणि शेती दोन्ही करायची आहे, हे डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगा आणि विचारा, की माझ्या डोळ्याची जाडी बघता फ्लॅप नसलेलं ऑपरेशन होईल का. ज्यांचं झालंय त्यांनी आजच्या आज दोन कामं उरकावीत: दवाखान्यात फोन लावून फ्लॅप आहे की नाही ते विचारावं, आणि दसऱ्याचं खळं लागायच्या आत बंद बाजूंचा चष्मा घेऊन ठेवावा.